लिंक दिसते, पण डेटा जात नाही: गावाकडच्या वायरलेस बॅकहॉलचा परत परत येणारा बिघाड

तालुक्याच्या ठिकाणी फायबर आहे, पण पुढच्या वस्त्या, तांडे, शाळा आणि सेवा केंद्रांपर्यंत इंटरनेट हवेतूनच न्यावं लागतं. एक रेडिओ पाण्याच्या टाकीवर, दुसरा जुन्या गढीच्या बुरुजावर, तिसरा कुणाच्या तरी शेतातल्या पोलवर. या रेडिओंमधला जो मुख्य दुवा, तो बॅकहॉल. तो कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असायलाच हवा, कारण त्यावरून बँक मित्राकडं अंगठा लावून काढलेले पैसे, उताऱ्यांचे अर्ज, विद्यार्थ्यांचे दाखले असं सगळं जातं.

लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात अशा लिंक सांभाळताना एकच तक्रार मी पुन्हा पुन्हा सोडवतो: "लाइट आली, दिवे लागले, पण नेट काही येईना." आणि त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, सिक्युरिटी काढून टाकतात. लिंक कधी कधी सुरूही होते, आणि मग ती तशीच उघडी राहते. हा लेख त्यासाठीच लिहितोय. बिघाड क्वचितच एन्क्रिप्शनचा असतो. तो वीज, घड्याळ, नाव किंवा सिग्नल यांचा असतो आणि एन्क्रिप्शनच्या पायरीवर फक्त उघडा पडतो.

आधी लक्षणं नीट ओळखा

"नेट बंद आहे" एवढ्यावरून काही कळत नाही. खालीलपैकी काय होतंय ते बघा.

पहिलं लक्षण: दोन्ही रेडिओ चालू आहेत, पलीकडचं नाव स्कॅनमध्ये दिसतं, पण जोडणी होत नाही. लॉगमध्ये, म्हणजे उपकरणाच्या नोंदवहीत, हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांना ओळखण्याची पहिली देवाणघेवाण) अर्धवट राहिल्याची किंवा की, म्हणजे कुलपाची किल्ली, चुकल्याची नोंद सारखी येत राहते.

दुसरं: रेडिओ जोडलेले आहेत, सिग्नल नेहमीसारखा आहे, पण टनेल, म्हणजे लिंकच्या आत दोन टोकांच्या राउटरमध्ये बांधलेली कुलूपबंद वाट, वर येत नाही. हे जवळजवळ नेहमी लाइट जाऊन आल्यानंतर होतं. कधी तासाभरानं आपोआप सुटतं, कधी दोन्ही टोकं बंद-चालू केल्यावर.

तिसरं: पिंग (पलीकडचं टोक उत्तर देतं का हे बघणारा छोटा संदेश) जातो, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येतात, पण बँकेचं पान अर्धवट उघडून अडकतं.

चौथं: लिंक ठरावीक अंतरानं, बऱ्याचदा तासाच्या हिशेबानं, तुटते आणि परत जोडली जाते.

पाचवं: पहिल्या पावसानंतर किंवा भर उन्हाळ्यात सिग्नल हळूहळू घसरत जातो.

मेश, म्हणजे अनेक रेडिओ एकमेकांना जोडून केलेलं जाळं, वापरणाऱ्यांचं एक वेगळं लक्षण आहे. नोड, म्हणजे त्या जाळ्यातली उपकरणं, एकमेकांना दिसतात, पण शेजारी म्हणून जोडले जात नाहीत.

काहीही बदलण्याआधी

दोन्ही टोकांच्या सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. पासवर्ड किंवा नाव बदलायचं असेल तर आधी लांबच्या टोकावर बदला, मग जवळच्या. उलटं केलंत तर लांबचा रेडिओ जुन्या पासवर्डवर अडकतो आणि लॅपटॉप घेऊन तिथं जावं लागतं. ज्या उपकरणात "तपासून बघा, नाहीतर जुनं परत आणा" अशी सोय आहे, तिथं ती वापराच.

वीज: फुकटात होणारी तपासणी

लांबच्या टोकाला फोन लावा आणि विचारा, "लाइट आहे का तिकडं? कोणत्या फीडरवर आहे?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडं गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पुरवठा ठरावीक तासच, तोही दिवसा-रात्री पाळीनं मिळतो. विहिरीजवळच्या खोलीतून वीज घेतलेला रेडिओ गावात लाइट असतानाही बंद असू शकतो. लिंक रोज एकाच वेळी जात असेल तर आधी फीडरचं वेळापत्रक मागवा, सेटिंगला हात लावू नका.

लाइट नुकतीच आली असेल तर थांबा. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलवर रडारचा वापर असतो. त्या चॅनलवर सुरू होताना रेडिओला आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं, त्यानंतरच तो बोलतो. रडारसारखा काही सिग्नल त्याला ऐकू आला, तर तो चॅनल अर्धा तास सोडून द्यावा लागतो. ऐकण्याच्या या मिनिटभरात लिंक मेल्यासारखी दिसते. लोक घाईनं स्विच बंद-चालू करतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पाच मिनिटं हात बांधून बसा.

त्यानंतर अडॅप्टर बघा. रेडिओला २४ व्होल्टचा साधा पीओई (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा अडॅप्टर) लागतो की ४८ व्होल्टचा, हे त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं. अडॅप्टर जळाला की दुकानदार "चालतंय" म्हणून हाती येईल तो देतो. कमी व्होल्टेजवर रेडिओचा दिवा लागतो, ब्राउझरमध्ये त्याचं सेटिंगचं पानही उघडतं, पण पूर्ण ताकदीनं प्रक्षेपण करायची वेळ आली की तो रीस्टार्ट होतो. रेडिओच्या पानावरचा अपटाइम, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे, ते बघा. तो सारखा मिनिटांतच दिसत असेल तर तुमचा प्रश्न विजेचा आहे.

घड्याळ: सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट

दुसऱ्या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा इथं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक स्वस्त राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. लाइट गेली की वेळ विसरली. परत चालू झाल्यावर काही उपकरणं १९७० सालात जागी होतात. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरवर चालणारं मुक्त सॉफ्टवेअर शेवटच्या सेव्ह केलेल्या सेटिंग-फाइलची तारीख धरून चालतं, म्हणजे ती तारीख काही आठवड्यांपूर्वीचीही असू शकते. इंटरनेट मिळालं की वेळ दुरुस्त होते. पण इंटरनेट टनेलमधूनच येणार असेल तर? वेळ चुकली म्हणून टनेल उठत नाही आणि टनेल उठत नाही म्हणून वेळ मिळत नाही.

टनेलला वेळेची काय गरज? सर्टिफिकेटवर, म्हणजे मुदत असलेल्या डिजिटल ओळखपत्रावर, चालणाऱ्या टनेलमध्ये कारण सरळ आहे: १९७० सालातल्या उपकरणाला आजचं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं. वायरगार्ड या टनेल बांधणाऱ्या सॉफ्टवेअरचं कारण वेगळं आहे. त्याच्या पहिल्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो. पलीकडचं टोक मागच्या खेपेचा शिक्का लक्षात ठेवतं आणि त्याहून जुना शिक्का आला की तो निमूटपणे टाकून देतं. कुणी जुनं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, पकडून परत पाठवलं तर ते चालू नये, यासाठी केलेली ही चांगली व्यवस्था आहे. पण घड्याळ मागं गेलं की खरा पाहुणाही चोर ठरतो. लॉगमध्ये काही येत नाही, सेटिंग अक्षर न् अक्षर बरोबर असते, तरी टनेल बंद.

दोन्ही टोकं रीस्टार्ट केल्यावर ते सुरू का होतं, तेही यातूनच कळतं. तो शिक्का पलीकडच्या उपकरणाच्या मेमरीत असतो आणि रीस्टार्ट झाल्यावर पुसला जातो. हे औषध तात्पुरतं आहे, पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

तपासायला एक मिनिट लागतं. राउटरच्या पानावरची तारीख आणि वेळ तुमच्या मोबाइलशी ताडून बघा. चूक निघाली तर कायमचा उपाय असा करा. फायबरजवळच्या, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या राउटरवर वेळ देणारी एनटीपी सेवा सुरू करा. पुढच्या सगळ्या नोडना त्याच राउटरकडून, टनेलच्या बाहेरून, रेडिओ लिंकच्या साध्या आयपी पत्त्यावरून वेळ घ्यायला सांगा. नावाऐवजी आयपी देण्याचं कारण म्हणजे नाव शोधायला पुन्हा डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) लागतं, आणि तेही टनेलपलीकडं असू शकतं. शिवाय वायरगार्डमध्ये दोन्ही टोकांना एकमेकांचा पत्ता द्या आणि दोन्हीकडं कीपअलाइव्ह (टनेल जागं ठेवणारा छोटा संदेश) २५ सेकंदांवर ठेवा. म्हणजे ज्याचं घड्याळ बरोबर आहे तेही स्वतःहून हँडशेक सुरू करू शकतं. फक्त वेळ विसरलेलं टोकच दार ठोठावत असेल तर दार उघडत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. रेडिओवरचं साधं डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ पासवर्डवालं कुलूप घड्याळावर अवलंबून नसतं. रेडिओच जोडले जात नसतील तर घड्याळाच्या मागं लागू नका, पुढचा भाग वाचा.

नाव आणि पासवर्ड

डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड जसाच्या तसा वापरला जात नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून, ४०९६ फेऱ्यांची गणिती प्रक्रिया करून खरी की तयार होते. म्हणजे पासवर्ड बरोबर असूनही नावात फरक असला तर की वेगळी होते. नावाच्या शेवटी एक रिकामी जागा राहिली, एक अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल पडलं, तरी लिंक होत नाही. लांबचा रेडिओ नावावरून न शोधता मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या क्रमांकावरून, शोधायला लावला असेल, तिथं हा फरक डोळ्यांना दिसतही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून पासवर्ड पाठवू नका. एक तर तो दहा ग्रुपांत फिरतो, आणि कॉपी करताना शेवटची रिकामी जागा किंवा बदललेलं अवतरणचिन्ह चिकटून येतं. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असावा लागतो. बरोबर ६४ अंक-अक्षरांची हेक्स की (फक्त 0 ते 9 आणि a ते f वापरून केलेली) टाकली तर बरीच उपकरणं तिला पासवर्ड न समजता थेट की समजतात. एका बाजूला तसं आणि दुसऱ्या बाजूला वेगळं झालं, की जुळत नाही.

मग कुलपाचा प्रकार बघा. दोन्हीकडं एईएस हवं. टीकेआयपी हा जुना प्रकार कुठंही शिल्लक असेल तर काढा, तो कमजोर आहे आणि त्यावर वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. एका टोकाचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणातलं सॉफ्टवेअर, अपडेट होऊन ते डब्ल्यूपीए३ वर गेलं आणि दुसरं जुनंच राहिलं, तर जोडणी होत नाही. तीच गत मॅनेजमेंट फ्रेमच्या, म्हणजे जोडणी करण्या-तोडण्याच्या संदेशांच्या, संरक्षणाची: एकीकडं "सक्तीचं" आणि दुसरीकडं "बंद" असेल तर रेडिओ एकमेकांना नाकारतात. डब्ल्यूपीए३ मध्ये ते सक्तीचंच आहे. दोन्ही उपकरणांना जमत असेल तर डब्ल्यूपीए३ ठेवा. डब्ल्यूपीए२ चा हँडशेक हवेतून पकडून घरी बसून लाखो पासवर्ड लावून बघता येतात, डब्ल्यूपीए३ मध्ये तसं करता येत नाही. डब्ल्यूपीए२ वरच राहावं लागत असेल तर निदान २५-३० अक्षरांचा, अर्थ नसलेला पासवर्ड ठेवा. गावाचं नाव आणि पिन कोड हा पासवर्ड नाही.

प्रत्येक लिंकचा पासवर्ड वेगळा असू द्या, आणि ग्राहकांच्या वायफायचा तर बॅकहॉलला कधीच लावू नका. शेतातल्या पोलवरचा रेडिओ चोरीला जाऊ शकतो. सगळीकडं एकच पासवर्ड असेल तर त्या एका रेडिओबरोबर अख्ख्या जाळ्याची किल्ली जाते. पासवर्ड वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा.

जोडलं गेलं, पण पलीकडचं काही दिसत नाही

दोन्ही रेडिओवर डब्ल्यूडीएस किंवा ब्रिज मोड (रेडिओमागच्या उपकरणांचा डेटाही पलीकडं नेणारी सेटिंग) चालू आहे का ते बघा. एकाच टोकाला चालू असेल तर रेडिओ एकमेकांशी बोलतात, पण त्यांच्यामागची उपकरणं पोचत नाहीत.

मेश असेल तर सगळ्या नोडवर चॅनल, चॅनलची रुंदी आणि मेशचं नाव एकच हवं. चॅनल "ऑटो"वर ठेवू नका. ओपनडब्ल्यूआरटीवर अजून एक अडचण नेहमी येते: त्यात आधीपासून असलेलं डब्ल्यूपॅड या कुलूप सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं "बेसिक" पॅकेज एन्क्रिप्टेड मेश करत नाही. ते काढून मेश चालवणारं किंवा पूर्ण पॅकेज घालावं लागतं. कुलूप काढल्यावर मेश चालते आणि लावल्यावर बंद पडते, याचं कारण बहुधा हेच असतं.

पान अर्धवट उघडतं

टनेल प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टन घालतं, त्यामुळं आत कमी माल बसतो. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, १४२० बाइट असतो. खालची जोडणी पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायच्या पद्धतीवर) असेल, म्हणजे १४९२ ची, तर १४१२ ठेवा. छोटी पॅकेट निघून जातात म्हणून पिंग आणि मेसेज चालतात, मोठी अडकतात म्हणून बँकेचं पान लटकतं. कॉम्प्युटरवरून "तुकडे करू नका" हा पर्याय लावून १३९२ बाइटचा पिंग करा. १४२० च्या टनेलमधून तो गेला पाहिजे. गेला नाही तर आकार कमी करत जिथं उत्तर येतं तिथं थांबा, त्यात पिंगच्या वेष्टनाचे २८ मिळवा, तो तुमचा खरा एमटीयू. दोन्ही टोकांवर तोच ठेवा आणि राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट आधीच बसेल एवढी लहान करून घेणारी सोय) चालू करा.

सिग्नल, पोल आणि काळी माती

लिंक तासातासानं तुटत असेल तर पासवर्ड बदलत बसू नका. रेडिओ ठरावीक वेळेनं की नवी करतात, बऱ्याच उपकरणांत ती मुदत एक तासाची असते. त्या वेळची चार-दोन छोटी पॅकेट कमजोर सिग्नलमुळं हरवली की लिंक तोडली जाते. लॉगमध्ये की चुकल्यासारखं दिसतं, पण दुखणं सिग्नलचं असतं.

किती सिग्नल यायला हवा याचा हिशेब करून ठेवा. ५.८ गिगाहर्ट्झवर ५ किलोमीटर मोकळ्या हवेत सिग्नलचं सुमारे १२२ डीबी (डेसिबल) नुकसान होतं. रेडिओची ताकद ११ डीबीएम आणि दोन्हीकडं सिग्नल २५ डीबीआयनं वाढवणाऱ्या डिश असतील, तर पलीकडं साधारण उणे ६१ डीबीएम मिळायला हवेत. अंतर दुप्पट झालं की ६ डीबी कमी. प्रत्यक्षात उणे ७५ येत असतील तर डिश हलली आहे, काहीतरी आड आलं आहे, किंवा पाणी शिरलं आहे.

डिश हलण्याचं आपल्याकडचं मोठं कारण पायाखाली आहे. मांजरा-तेरणेच्या काठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. उथळ पायाचा पोल दरवर्षी थोडा थोडा कलतो. एवढ्या अरुंद झोताच्या डिशला दोन-तीन अंशांचा कलही जाणवतो. पोलला ओळंबा लावून बघा, त्याला पैसे लागत नाहीत. कललेला असेल तर नुसती डिश फिरवून भागणार नाही, पाया खोल घ्यावा लागेल किंवा रेडिओ पक्क्या इमारतीवर न्यावा लागेल.

समोरचं टोक दिसतंय म्हणजे वाट मोकळी आहे, असंही नाही. ५ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर सरळ रेषेच्या सगळ्या बाजूंनी सुमारे ८ मीटर त्रिज्येचा घेर लागतो, त्यातला किमान ६० टक्के, म्हणजे जवळपास ५ मीटर, मोकळा हवा. लिंक लावली तेव्हा लहान असलेला कडुनिंब आता त्यात आलेला असतो. ओल्या पानांमुळं सिग्नल जास्त अडतो, म्हणून पावसाळ्यात तक्रारी वाढतात. झाड तोडायला सांगू नका, रेडिओ वर चढवा.

केबलही बघून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल लांब पल्ल्यावर व्होल्टेज खाते. बाहेरची केबल अस्सल तांब्याची, उन्हात टिकणारी हवी आणि १०० मीटरच्या आत. पोर्टचा वेग १०० वरून १० वर आलेला दिसला तर कनेक्टरमध्ये पाणी किंवा केबलला उंदराचे दात लागलेत असं समजा.

सिग्नल कमी आहे म्हणून बाहेरून अ‍ॅम्प्लिफायर जोडणं किंवा रेडिओत दुसऱ्याच देशाचं नाव टाकून ताकद वाढवणं, या दोन्ही गोष्टी करू नका. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ च्या अधिसूचनेनं विनापरवाना वापराला खुले झाले, पण ताकदीची मर्यादा घालूनच. ती ओलांडली तर शेजारच्या गावाची लिंकही तुमच्यामुळं पडते.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

टॉवरवर किंवा पाण्याच्या टाकीच्या बाहेरच्या शिडीवर चढायचं असेल, आणि सुरक्षापट्टा व सोबत माणूस नसेल, तर चढू नका. पोलच्या जवळून उच्चदाबाची तार जात असेल तर खालूनही पाइप उभा-आडवा करू नका. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात आपल्या भागात विजा फार पडतात. ढग दाटून आले की पोलपासून लांब राहा, एखाद्या शाळेचं नेट एक दिवस बंद राहिलं तर चालेल. विजेनं रेडिओ एकदा जळाला असेल तर नवा लावण्याआधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण) आणि अर्थ वायर असलेली शिल्डेड केबल बसवून घ्या. त्याशिवाय नवा रेडिओही तसाच जाईल.

रेडिओच्या यादीत अनोळखी मॅक पत्ता जोडलेला दिसला, किंवा तुम्ही न केलेला बदल सेटिंगमध्ये दिसला, तर ती लिंक लगेच बंद करा आणि नेटवर्क इंजिनिअरला बोलवा. तोवर त्या लिंकवर पैशाचे व्यवहार होऊ देऊ नका. पैसे घेऊन इतरांना इंटरनेट पुरवत असाल तर परवानाधारक सेवादात्याशी करार असायलाच हवा, आणि अशा प्रसंगी पहिला फोन त्यालाच करायचा.

इंजिनिअरला बोलावताना हे हाताशी ठेवा: बिघाड सुरू झाल्याची वेळ आणि तेव्हा लाइट होती का, दोन्ही टोकांचा अपटाइम, घड्याळातली वेळ, सिग्नलचा आकडा, फर्मवेअरची आवृत्ती, लॉगच्या शेवटच्या ओळींचा फोटो आणि बॅकअप फाइल. पासवर्डची वही मात्र फोटो काढून पाठवू नका, तो माणूस आल्यावर समोर बसून दाखवा.